तराफ्यावरचा हिस्सेदार

कोर्टाचे कमिशनर अकरा वाजता घर बघायला येणार होते, म्हणून आत्याने सकाळी उठल्याउठल्या जिना पुसायला घेतला.

खरं म्हणजे जिना पुसून कुणावर छाप पडणार नव्हती. कोर्टाने नेमलेला माणूस येणार तो घर किती लांब, किती रुंद आणि त्याचे दोन भाग पडतात की नाही, एवढंच बघायला. पण परकं माणूस घरी येणार म्हटलं की जिना पुसायचा, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. तिचा नवरा खालच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि त्याला सगळे पंपवाले म्हणायचे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी आत्याही चिडली की त्याला पंपवालेच म्हणायची.

"इतका घासू नकोस," तो म्हणाला. "उद्या घर गेलं तर कंपनीला चकचकीत जिना आयता मिळेल."

"पंपवाले, तोंड आवरा."

"आवरलं."

त्याने तोंड आवरलं, पण दुसरं फडकं घेऊन तोही खालून पुसत वर यायला लागला. मधल्या पायरीवर दोघं भेटली आणि तिथेच टेकली.

आत्या ही खरी एकाच माणसाची. तिच्या भावाचा मुलगा बोलायला लागला आणि तिला आत्या म्हणायला लागला. त्याचं ऐकून शेजारचे, मग दुकानदार, आणि बघता बघता नदीकाठची अख्खी रांग तिला आत्या म्हणू लागली. आता त्या रांगेत हाक मारायला कुणी उरलं नव्हतं. अकरा घरांपैकी दहा इमारती बांधणाऱ्या एका कंपनीने घेतली होती. त्यांच्या दारांना पत्रे ठोकलेले होते आणि पत्र्यांवर येऊ घातलेल्या इमारतींची चित्रं रंगवली होती. चित्रातली नदी निळी होती आणि माणसं सगळी तरुण.

अकरावं घर आत्याचं. एका खोलीएवढं रुंद आणि तीन मजले उंच. खालच्या मजल्यावर ती ताडपत्र्या शिवायची, ट्रकवर टाकायच्या, होड्यांवर ओढायच्या. तिथे लोखंडी मशीन होतं, जाड दोऱ्याची रिळं होती आणि खोलीला बारा महिने मेणाचा वास यायचा. पुढचं दार गल्लीत उघडायचं. मागचं दार उघडलं की सहा दगडी पायऱ्या, आणि सातवी पाण्याखाली.

त्याच पायऱ्यांशी तिच्या दादाचा तराफा लागायचा. तेव्हा पूल नव्हता. दोन्ही काठांमध्ये एक जाड तार ताणलेली होती, तारेवर लोखंडी कप्पी, आणि कप्पीला बांधलेला लाकडी तराफा. दादा दोर ओढायचा, कप्पी कुरकुरायची आणि माणसं, सायकली, पोती इकडची तिकडे व्हायची. तराफा पलीकडे असला की लोक आत्याच्या मागच्या दारी येऊन हाक मारायचे. हाक कानावर पडली की दादा जेवतं ताट सरकवून उठायचा. काठावर माणूस ताटकळत ठेवायचा नाही, हा त्याचा एकच नियम, आणि तो त्याने कधी मोडला नाही.

तेवीस वर्षांपूर्वी पूर चढत असताना रिकामा तराफा आडोशाला न्यायला म्हणून तो उतरला. तार तुटली. तराफा तीन दिवसांनी खाली नदीच्या वाकणात सापडला. दादा सापडला नाही. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याची बायको सात वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी गेली आणि पुढे तिने दुसरा संसार मांडला. तिला कुणी नावं ठेवली नाहीत. आत्यानेही नाही.

घर आत्याच्या वडिलांनी दोन्ही मुलांच्या नावावर केलं होतं, निम्मं निम्मं, वाटणी न करता. आणि गाडं इथेच अडलं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो माणूस मेला असं कायदा धरून चालतो. भाचा मोठा झाला, शहरात नोकरीला लागला, आणि एक दिवस कंपनीचा मॅनेजर त्याच्याकडे पोचला. त्याने कोर्टातून बापाच्या मृत्यूचा दाखला मिळवून दिला आणि बापाचा निम्मा हिस्सा मुलाकडून लिहून घेतला. मग कंपनी म्हणाली, आमचं निम्मं घर आम्हाला वेगळं काढून द्या. एका खोलीएवढ्या रुंद घराचं निम्मं काढायचं कसं? काढता येत नसेल तर कायदा म्हणतो, घर लिलावात काढा. आणि लिलावात कंपनीसमोर कोण उभं राहणार? रांगेतली बरीचशी घरं अशीच गेली होती. कुणाचा भाऊ परदेशी, कुणाचा चुलता बेपत्ता, आणि एका हिस्सेदाराच्या सहीने सगळं घर उचललेलं.

आठ दिवसांपूर्वी वकीलबाई येऊन गेल्या होत्या. वकीलबाई म्हणजे ठेंगणी, सतत घाईत असलेली बाई. तिची पिशवी तिच्यापेक्षा जड.

"आत्या, खोटं नाही सांगत. एकच वाट आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तुमचे दादा जिवंत आहेत याचा काही पुरावा. जिवंत माणसाची मिळकत मुलाला विकता येत नाही. बाप हयात, तर मुलगा वारसच नाही. एखादं पत्र, एखादा निरोप, काहीही. आहे?"

"नाही," आत्या म्हणाली होती.

त्यानंतर एका दुपारी ती मशीनपाशी बसून जुन्या वहीतला कोरा कागद शोधत होती. दादाचं अक्षर तिच्या हातात होतं. शाळेत त्याचे निबंध तीच लिहून द्यायची. तिने पेन घेतलं आणि लिहिलं, मी खुशाल आहे, कामाच्या गडबडीत पत्र लिहायचं राहिलं. दोन ओळी झाल्या आणि तिने वाचून बघितलं. अक्षर इतकं हुबेहूब त्याचं उतरलं होतं, की तिला कुणीतरी मागून वाकून बघतंय असं वाटलं. तिने कागद फाडला आणि चुलीत घातला. घर वाचवायचं म्हणून मेलेल्या भावाच्या तोंडी खोटं घालायचं नाही. घर जायचंच असेल तर जाऊ दे. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

कमिशनर आले तेव्हा नदीवर धुकं होतं. सकाळी उतरलेलं धुकं अकरा वाजले तरी उठलं नव्हतं, उलट दाट होत चाललं होतं. मागचं दार उघडलं की चौथ्या पायरीपुढे काही नाही, नुसतं पांढरं. पूल नव्हता, पलीकडचा काठ नव्हता. पाण्याचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा.

कमिशनर वयस्कर होते, दम्याचे. छातीवर हात ठेवून ते जिना चढले, त्यांनी टेपने प्रत्येक खोली मोजली आणि गुडघ्यावर पाटी ठेवून लिहून घेतलं. त्यांच्या मागे कंपनीचा मॅनेजर, हातात फोन, बुटांना लागलेला चिखल पायरीच्या कडेला निपटत. त्याच्यामागे वकीलबाई. आणि सगळ्यांत शेवटी, कंपनीचा साक्षीदार म्हणून आलेला भाचा. तो उंबऱ्यातच थांबला.

"आत ये," आत्या म्हणाली.

"नको आत्या. इथे बरा आहे."

"पाहुणा आहेस का तू? ये, बस."

तो आला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसला. तीस वर्षांचा झाला होता. खाली मान घालून बसायची ढब थेट बापाची.

मोजमाप झालं. कमिशनर खालच्या खोलीत टेबलाशी बसले. "घराचे दोन भाग पडत नाहीत," ते म्हणाले. "जिना एकच, गल्लीकडचं दार एकच. मला तसंच लिहावं लागेल."

"मग लिलाव," मॅनेजर म्हणाला. तो हसला नाही, पण फोन खिशात ठेवला.

"ते कोर्ट ठरवेल. मी फक्त पाहणी लिहितो. हजर हिस्सेदार, एक, तुम्ही." त्यांनी आत्याकडे बघितलं आणि लिहिलं. "दुसरे, मूळ हिस्सेदार, तुमचे बंधू... मयत."

पेन कागदावर टेकलं होतं. तो एक शब्द तेवीस वर्षांत या घरात कुणी काढला नव्हता.

"थांबा," आत्या म्हणाली. "पुकारा न करता कसं लिहिता?"

कमिशनरांनी चष्म्यावरून पाहिलं. वकीलबाईंनी एकदा आत्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. वकील माणूस, धागा दिसला की सोडत नाही. "बरोबर आहे साहेब. कोर्टात गैरहजर लिहायच्या आधी तीनदा पुकारा होतो. माझ्या अशिलाचा तसा आग्रह आहे. आक्षेप नोंदवून घ्या."

"मेलेल्या माणसाचा पुकारा?" मॅनेजर म्हणाला.

"तो मेला की नाही, याचाच तर वाद आहे."

कमिशनर दमले होते. "करा बाई, करा. तीनदा. दारात उभं राहून करा, म्हणजे झालं."

मॅनेजरने गल्लीकडच्या दाराकडे हात दाखवला.

"त्या दारानं तो कधी आलाच नाही," आत्या म्हणाली आणि मागच्या दाराशी गेली.

ती चौथ्या पायरीपर्यंत उतरली. धुकं तिच्या तोंडाला लागलं, गार. तिने दोन्ही हातांचा पडदा केला आणि काठावरची माणसं मारायची तशी हाक मारली, शेवटचा सूर लांबवत.

"तराफाऽऽऽ होऽऽऽ..."

आवाज धुक्यात गेला आणि विरला.

पंपवाले उठून दारात येऊन उभे राहिले. ते तिला आत बोलावणार होते, पण बोलावलं नाही.

"तराफाऽऽऽ होऽऽऽ..."

तिसरी हाक तिने डोळे मिटून मारली. हाक संपली आणि ती वळणार, तेवढ्यात पलीकडून, खूप लांबून, आवाज आला.

कुर्र... कुर्र... कुर्र...

आत्याने आधी नवऱ्याकडे पाहिलं. पंपवाले कान देऊन उभे होते. यंत्राचा कुठलाही आवाज ते झोपेतसुद्धा ओळखायचे.

"कप्पी आहे," ते कुजबुजले. "पण तार तर..."

तार नव्हती. पूल झाला त्या वर्षीच तुटलेली तार सोडवून भंगारात घातली होती. काठावरचा खांबसुद्धा उरला नव्हता.

कुर्र... कुर्र... आवाज सावकाश जवळ येत होता, मध्ये मध्ये थांबत, कुणीतरी दोर पुन्हा धरून ओढावा तसा. आधी वास आला. कप्पीच्या ग्रीसचा, आणि भिजून पुन्हा वाळलेल्या दोराचा. मग पाणी पायऱ्यांवर चढलं, सहावी, पाचवी. जड लाकूड दगडावर आदळलं. घराच्या भिंतीतून तो दणका वर गेला आणि वरच्या मजल्यावरची एक खिडकी आपोआप उघडली.

धुक्यातून दादा पायऱ्या चढून आला.

सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर धुक्याचे थेंब होते. कमिशनरांचे कागदही दमट झाले होते. दादा मात्र खडखडीत कोरडा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर दोराचं वेटोळं. तीस वर्षांचा. आत्याने त्याला वाट दिली, तेव्हा तिच्या मनात आलं की माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, आणि तिला वेड्यासारखं हसू यायला लागलं, आणि रडूही.

तो टेबलासमोरच्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली नाही.

कमिशनर पस्तीस वर्षं कोर्टात काढलेले गृहस्थ. भीती वाटली की नेमून दिलेलं काम करत राहायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. "नाव...?" त्यांनी विचारलं. त्यांचा दमा वाढला होता.

दादाने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्याचे ओठ हलले, पण आवाज समोरून आला नाही. आवाज मागच्या दारातून आला, पाण्यावरून, पलीकडच्या काठावरून यावा तसा, किंचित उशिरा.

"या घरात तुमचा हिस्सा...?"

"निम्मा." ओठ मिटले, आणि मग दारातून शब्द आला.

"तो तुम्ही... कुणाला दिला आहे?"

"नाही."

कमिशनरांनी लिहिलं. त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. दादाने सही केली, शेवटच्या अक्षराखाली आकड्यासारखा गळ काढून, पूर्वी करायचा तशीच. मग त्याने मान वळवली आणि स्टुलावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. बाप आणि मुलगा एकाच वयाचे दिसत होते, जुळ्या भावांसारखे.

"उंच झालास," दादा म्हणाला.

मुलाने चेहरा हातांत लपवला.

आत्या पुढे झाली. तिला त्याला हात लावायचा होता, पण हात पुढे जाईना. "दादा... इतकी वर्षं..."

"कुणी हाक मारली नाही," तो म्हणाला, तक्रार नाही, नुसतं सांगावं तसं. "पूल झाल्यावर कोण मारणार?"

"थांब ना थोडा."

त्याने पाण्याकडे कान दिला. "माणसं ताटकळलीत." आणि तो उठला. पायऱ्या उतरून धुक्यात गेला. कप्पी पुन्हा कुरकुरत लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. मॅनेजर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. तो कधी बसला ते कुणी पाहिलं नव्हतं.

कमिशनरांनी 'मयत' शब्द अर्धाच लिहिला होता. त्यांनी तो खोडला, बाजूला आपली छोटी सही केली आणि लिहिलं, हजर.

पुढे कोर्टात जे झालं त्याची गोष्ट शहरात कितीतरी दिवस रंगवून सांगितली जात होती.

कंपनीने मोठा वकील दिला. त्याने सांगितलं, तो माणूस तोतया होता, भाड्याने आणलेला. पन्नाशी उलटलेला माणूस तीस वर्षांचा दिसेल कसा? कोर्टाने सही तपासायला पाठवली. तराफ्याच्या परवान्याच्या अर्जावर दादाची जुनी सही होती. तज्ज्ञाने दोन्ही भिंगाखाली धरल्या आणि लेखी दिलं की हात एकच आहे, तिळमात्र शंका नाही. कमिशनरांनी शपथेवर सांगितलं, माणूस आला, बोलला, माझ्यासमोर सही केली. कसा आला असं विचारल्यावर ते म्हणाले, मागच्या दाराने, आणि एवढं बोलून त्यांनी स्वतःसाठी पाणी मागितलं.

मग वकीलबाईंनी मॅनेजरला पिंजऱ्यात उभं केलं. त्याचे खांदे उतरले होते, आणि कोर्टाची खिडकी नदीच्या बाजूला होती, तिकडे तो बघत नव्हता.

"त्या दिवशी तुम्ही घरात होता?"

"होतो."

"माणूस आला?"

त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं. "आला."

"सही केली?"

"केली."

"तुमच्या डोळ्यांसमोर?"

"हो."

"मग तुमचं म्हणणं नक्की काय आहे? मेलेला माणूस येऊन सही करून गेला?"

कोर्टात हशा पिकला. जज्जबाईंनी हातोडी उचलली, पण आपटली नाही. मॅनेजर मात्र हसला नाही. तो इतक्या हळू बोलला की लेखनिकाला पुन्हा विचारावं लागलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही."

आणि शेवटी भाचा उभा राहिला. कंपनीने त्याला आपला साक्षीदार म्हणून आणलं होतं, पण उभा राहताच तो म्हणाला, आलेला माणूस माझा बापच होता.

"तो तुमचा बाप होता, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मोठ्या वकिलाने विचारलं. "तुम्ही तेव्हा सात वर्षांचे होता."

"त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दोराने भाजलेली होती," भाचा म्हणाला. "ती माझ्यामुळे भाजली. मी दोर धरतो म्हणालो आणि माझ्या हातून सुटला. बाबांनी आईला सांगितलं, माझ्याच चुकीने झालं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही." तो थांबला. "आई म्हणाली बाबा गेले. कोर्ट म्हणालं गेले. मी दोघांचं ऐकलं आणि त्यांचं घर विकलं. त्या दिवशी सही करताना ती बोटं माझ्यापासून हातभर अंतरावर होती."

"या साक्षीने तुम्हाला कंपनीला सगळं परत करावं लागेल, हे कळतंय का?"

"कळतंय."

जज्जबाईंनी निकाल सुनावायला फार वेळ घेतला नाही. त्या म्हणाल्या, बेपत्ता माणूस मेला असं कायदा धरून चालतो. पण धरून चालणं म्हणजे खरं असणं नव्हे. ज्याने हजर राहून सही केली आणि आपला हिस्सा कुणाला दिला नसल्याचं सांगितलं, त्याला मयत मानता येत नाही. मुलाने केलेली विक्री रद्द. लिलाव रद्द. घर दोघा भावंडांचं होतं आणि आहे. इतकंच नाही, नदीकाठच्या त्या रांगेत बेपत्ता किंवा दूर असलेल्या हिस्सेदारांच्या नावावर जी जी घरं घेतली, त्या सगळ्यांचे कागद पुन्हा तपासावेत.

निकालाच्या दिवशी आत्या, पंपवाले, वकीलबाई आणि भाचा पुलावरून चालत घरी आले. भाचा मागे मागे चालत होता. पुलाच्या मधोमध आत्या थांबली आणि तो जवळ येईपर्यंत उभी राहिली, मग त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागली. घरी आल्यावर तिने तिन्ही मजल्यांच्या नदीकडच्या खिडक्या उघडल्या. पंपवाल्यांनी हातोडा आणला आणि शेजारच्या घराचा पत्रा उचकटायला सुरुवात केली.

"अहो, ते कोर्टाच्या हुकुमानं काढायचंय, तुम्ही नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मी नुसता खिळा सैल आहे का बघतोय," पंपवाले म्हणाले, आणि पत्रा धाडकन खाली आला.

महिन्याभरात चार घरांचे पत्रे निघाले. माणसं परत आली. कुणी रडत आलं, कुणी भांडत. कुणी स्टोव्ह पेटेना म्हणून आत्याकडून रॉकेल न्यायला आलं. सकाळी गल्लीतून पुन्हा हाका ऐकू यायला लागल्या, "आत्या, जरा विळी द्या," "आत्या, आमचा नळ बघायला सांगा ना पंपवाल्यांना." भाचा वरच्या मजल्यावर राहायला आला आणि मोठ्या ताडपत्र्या धरायला तिला दोन हात मिळाले. ती मशीन चालवताना गुणगुणायची. इतक्या वर्षांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

पोस्टमन आला तेव्हा ती अशीच मशीनवर होती.

"आत्या, कोर्टाच्या निकालाची तुमची प्रत," तो म्हणाला. "सही करा. तुमच्या भावाची मघाशीच देऊन आलो."

मशीन थांबलं. "कुणाला दिली?"

"त्यांनाच. पुढचं दार वाजवलं, कुणी उघडेना, तुमचं मशीन चालू होतं. मग शेजारून मागे गेलो. पायरीवर बसले होते. हे बघा, सही." पावतीवर शेवटच्या अक्षराखाली गळ काढलेला होता. "बरोबर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, माझ्या नावाचं काही आलंय का? मी म्हटलं, नाही बाई. तर म्हणाल्या, येईल. मीही याच घरची."

"नाव काय सांगितलं?"

पोस्टमनने सांगितलं. आत्याने आठवून पाहिलं, नवऱ्याला विचारलं, वडिलांच्या वेळचे कागद काढून पाहिले. त्या नावाचं कुणी त्यांच्यात नव्हतं. कधीच नव्हतं. आडनाव मात्र त्यांचंच होतं.

पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, पोस्टमन परत आला. त्याच्या हातात लांबट पाकीट होतं, त्याच कोर्टाचा शिक्का असलेलं.

"आलं बघा त्यांचं," तो म्हणाला. "त्या आहेत ना?"

आत्याच्या तोंडून शब्द निघेना. पोस्टमनने तिच्या गप्प राहण्याचा आपल्या परीने अर्थ लावला. "असू दे, तुम्ही कामात आहात. मी देतो मागे जाऊन."

त्याची पावलं शेजारच्या बोळातून मागे गेली. आत्याने मशीनवरचे हात उचलले नाहीत. मागचं दार बंद होतं. दारापलीकडून तिला पोस्टमनचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"इथे सही करा बाई."

मग कागदावर पेनाची खरखर, आणि पाण्यावरून कप्पीची कुरकुर.

"आणि इथे, दुसऱ्या हिस्सेदारांची," पोस्टमन म्हणाला. "हो, सगळ्यांचीच लागेल. एकेक करून या."